गोळ्यांचा पंक्तिप्रपंच

“निम्म्यांना खरी गोळी आणि निम्म्यांना खोटी?” रत्नाक्कानं हातातले टाळ मांडीवर ठेवले. “डॉक्टर, तुमच्यात पंगतीला असंच वाढत्यात व्हय?”

डॉक्टर मिहीर कर्णिक हसले. म्हाताऱ्या बायकांशी बोलताना ते मान एका बाजूला कलती करायचे आणि रडक्या पोराला खुळखुळा दाखवावा तशा सुरात बोलायचे. प्रत्येक वाक्याला एक ‘आजी’ ठरलेली. आम्ही त्यांच्या आईच्या वयाच्या, पण मावशी म्हणायला त्यांची जीभ वळत नव्हती.

“खोटी नाही हो आजी, साधी गोळी. दिसायला अगदी तशीच. फक्त आत औषध नसतं.”

“मग आत काय असतंय?”

“काहीच नसतं.”

“आणि ती आम्ही रोज पाण्यासंगं गिळायची.”

“हो, आजी.”

रत्नाक्का माझ्याकडे वळली. मी टेलिफोन एक्स्चेंजमधून रिटायर झालेली, त्यामुळे आमच्या मुक्ताई महिला भजनी मंडळात इंग्रजी अक्षरं आणि विज्ञान ही दोन्ही खाती माझ्याकडे होती. रत्नाक्का म्हणजे मंडळाची अध्यक्ष. निवडणूक कधी झाली नव्हती, तशी कुणी मागणीही केली नव्हती. “मालन,” ती म्हणाली, “ह्यो माणूस काय म्हणतुया ते मला नीट सांग.”

मी सांगितलं. विट्याच्या बायपासला ‘सायंतारा वृद्धोपचार आणि संशोधन केंद्र’ नावाची काचेची इमारत नुकतीच उभी राहिली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिथं एका नव्या गोळीची परीक्षा चालू होणार होती. म्हाताऱ्या माणसांच्या पायांत बळ यावं, तोल सावरावा आणि ती पडू नयेत म्हणून ही गोळी. ती खरंच उपयोगी आहे का, तिचा काही त्रास होतो का, हे कळायला निम्म्या लोकांना औषधाची गोळी द्यायची आणि निम्म्यांना बिनऔषधाची. कुणाला कुठली हे कंप्युटर चिठ्ठी काढल्यासारखं ठरवणार. घेणाऱ्याला कळणार नाही आणि देणाऱ्या डॉक्टरलाही नाही. शेवटी दोन्हीकडच्यांची तुलना. तसं बघितलं तर सरळ हिशेब होता. आमच्यातल्या कुणाला तो समजला नाही असं नाही. समजला सगळ्यांना, पटला कुणालाच नाही.

पण नावं मात्र सगळ्यांनी दिली. त्याचं कारण विटा आहे. आमच्या गावचे पुरुष सोनं गाळायच्या धंद्यात. गलाईवाले म्हणतात त्यांना. केरळात जा, बंगालात जा, कुठल्याही सराफ बाजाराच्या मागच्या बोळात विट्याकडचा माणूस मूस तापवत बसलेला दिसेल. पोरं मिसरूड फुटायच्या आत जातात, तिकडंच घरं करतात आणि यात्रेला गाडी घेऊन येतात. मागं राहतात मोठाले बंगले आणि त्यांच्यात एकेक म्हातारी. ‘सायंतारा’वाल्यांनी आमचं गाव उगाच नाही निवडलं. रक्ताची तपासणी, छातीचा आलेख, महिन्याला डॉक्टर स्वतः विचारपूस करणार आणि वर चहा-बिस्किटं. लेकांना फोनवर विचारलं तर ते आमच्याआधी तयार. परगावी बसून आईची काळजी घेतल्याचं पुण्य त्यांना दुसरं कुठं मिळणार होतं?

गोळ्यांच्या पांढऱ्या डब्या मिळाल्या त्याच संध्याकाळी देवळात भजन आटोपल्यावर रत्नाक्कानं घरून आणलेली परात मध्ये ठेवली.

“ओता,” ती म्हणाली.

सगळ्यांना कळलं. डब्या पटापट उघडल्या आणि गोळ्या परातीत पडल्या. मी एकटीच डबी धरून बसले. म्हटलं, “अक्का, यानं त्यांचा हिशेब चुकेल.”

“त्यांचा चुकंल. आपला बराबर हाय. ह्या देवळात मी आजवर पंक्तिप्रपंच केला न्हाई. एकीला बुंदी आणि एकीला नुसती पत्रावळ, हे मी मेल्यावर करा.”

माझ्या शेजारी विजू बसली होती. विजया खटावकर, माझी शाळेपासूनची मैत्रीण आणि मंडळाची पेटीवाली. तिची पेटी होती म्हणून आम्ही सुरात होतो, नाहीतर रत्नाक्काचा आवाज म्हणजे एसटीचा गिअर. विजूनं माझ्या हातातल्या डबीला बोट लावलं. “मालन, तुला खरी लागली आणि मला खोटी, तर तुला गोड लागेल का गं?”

मी डबी उपडी केली. रत्नाक्कानं दोन्ही हातांनी गोळ्या खालवर केल्या, लाडवाचं पीठ कालवतात तशा, आणि प्रसादाच्या चमच्यानं सगळ्यांच्या डब्या सारख्या भरून दिल्या. पुढं दर वेळी नव्या डब्या मिळाल्या की परात यायचीच. आमच्यातलं कुणी ते बाहेर बोललं नाही. लपवायचं म्हणून नव्हे, त्यात सांगण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटलंच नाही.

आता गोळीचा गुण ऐका. काही दिवस सकाळी उठलं की घर गरकन फिरायचं. भिंत धरून उभं राहावं लागायचं, न्हाणीपर्यंत जायचं म्हणजे होडीत बसल्यासारखं. काही दिवस अगदी ठणठणीत. आम्ही त्याचा अर्थ लगेच लावला. ज्या दिवशी डोकं फिरलं, त्या दिवशी खरी गोळी आली. देवळात यायला उशीर झाला की बाई कौतुकानं सांगायची, “आज मला खरी लागली बया, कशीबशी आले.” आणि बाकीच्या तिच्याकडं हेव्यानं बघायच्या. कडू काढा तोंड वाकडं करतो म्हणूनच गुणकारी, अशा समजुतीत वाढलेल्या आम्ही. चक्कर येते म्हणजे औषध अंगी लागतंय यात कुणालाही शंका नव्हती. मलाही नव्हती, आणि मी तर विज्ञान खात्याची मंत्री.

डॉक्टर महिन्याला विचारायचे, “आजी, चक्कर वगैरे?”

“येती की,” जी ती हसतमुखानं सांगायची. डॉक्टर ते कंप्युटरात टिपायचे. पुढं पुढं तर ते आमचं ऐकून खूश व्हायला लागले. मला त्याचं नवल वाटायचं. एकदा त्यांनीच उलगडा केला. वरच्या ऑफिसनं दोन्हीकडच्यांचे आकडे ताडून बघितले होते आणि चक्कर दोन्हीकडे सारखीच निघाली होती. जितकी औषधवाल्यांना, तितकीच बिनऔषधवाल्यांना.

“म्हणजे औषधाचा काहीही दोष नाही,” ते म्हणाले. “ही चक्कर वयाची आहे, आजी. गोळी पूर्ण सुरक्षित आहे.”

तेव्हा मला पहिल्यांदा परात आठवली. परीक्षेला आमच्या मंडळाशिवाय कुणी नव्हतं, आणि परातीत सगळ्यांच्या गोळ्या एक झाल्यावर चक्कर सारखी निघणार नाही तर काय होणार? पण खुर्चीत बसून मी तो विचार पुरता करायच्या आत नर्सनं चहा आणला.

आणि मग विजू पडली.

सकाळी पाण्याची कळशी घेऊन ती मागच्या दाराची पायरी उतरत होती. घर फिरलं, धरायला भिंत नव्हती. डावं मनगट मोडलं, कपाळाला खोक पडली. नशीब म्हणायचं की शेजारची बाई धुणं वाळत घालत होती. मी पोचले तेव्हा विजू जमिनीवरच बसलेली होती आणि म्हणत होती, “आज खरी लागली वाटतं.” तिला हसायचं होतं, जमलं नाही.

तिचा लेक श्रीरंग कोइमतूरहून आला. गलाईचं दुकान बंद ठेवून, दोन गाड्या बदलून आला, म्हणजे पोरगा वाईट नव्हे. आल्या आल्या त्यानं आईच्या प्लास्टरवरून हात फिरवला आणि डॉक्टरांकडे गेला. आईला ही चक्कर त्या नव्या गोळीनं तर आली नाही ना, एवढंच त्याला विचारायचं होतं. डॉक्टरांनी नियमाप्रमाणे कंप्युटरातलं गुपित उघडलं. विजूच्या नावावर बिनऔषधाची गोळी निघाली. झालं. औषध तिच्या पोटात गेलंच नाही, मग औषधाचा प्रश्नच कुठं येतो? डॉक्टरांनी श्रीरंगला खुर्ची दिली, कॉफी दिली आणि सांगितलं की हे वय आहे. पुढच्या वेळी खुब्याचं हाड मोडेल. त्यांना एकटं ठेवणं आता धोक्याचं.

संध्याकाळी श्रीरंगनं आम्हाला सांगितलं की आईला तो कोइमतूरला नेतोय, कायमची. दुकानाच्या वर तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, लिफ्ट नाही. सून दिवसभर शाळेत शिकवायला, नातवंडं घरात तमिळ बोलणारी. विट्यातलं घर भाड्यानं द्यायचं. डॉक्टरांच्या केंद्रात पुढच्या आठवड्यात सगळ्या आजींचा सत्कार होता. तेवढा झाला की निघायचं, तिकिटं काढली होती.

श्रीरंग आत गेल्यावर विजूनं मला हळूच विचारलं, “रेल्वेत पेटी नेऊ देतात का गं?”

ज्या बाईनं नवरा गेल्यावर याच घरात पोराला वाढवलं, धंद्याला लावलं, तिला तिसऱ्या मजल्यावर कुणाला ऐकवायला पेटी न्यायची होती? मी उठले, आत गेले आणि श्रीरंगला परातीची सगळी हकिगत सांगितली. तुझ्या आईच्या नावावर काय निघालं त्याला अर्थ नाही, तिच्या डबीत सगळ्यांच्या गोळ्या होत्या, खऱ्याही आणि खोट्याही, असं चांगलं समजावून सांगितलं.

तो हसायला लागला. वाईट नाही हसला, मायेनंच हसला. “मालनमावशी, आईला ठेवून घ्यायला तुम्ही काहीही सांगाल. इतके शिकलेले डॉक्टर, त्यांना हे कळलं नसतं होय?”

दुसऱ्या दिवशी मी ‘सायंतारा’त गेले. डॉक्टरांनी मला आत बोलावलं, मान कलती केली. मी परात सांगितली, चमचा सांगितला, देऊळ सांगितलं. त्यांनी ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“आजी, एक काम कराल? या कागदावर मला एक घड्याळ काढून दाखवा बरं.”

“कशाला? भिंतीवर आहे की.”

“काढा ना. छान काढा.”

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की ते माझं डोकं तपासतायत. जन्मभर मी सगळ्या तालुक्याचे नंबर पाठ ठेवले, कुणाचं कुणाशी काय चाललंय तेही ठेवलं आणि तोंड बंद ठेवलं. त्या मला हे पोरगं घड्याळ काढायला लावत होतं. मी काढलं. रोमन आकड्यांत काढलं, लंबक काढला, ते सांगतील ती वेळ दाखवली आणि वर एक कोकिळाही बसवली.

“शाब्बास, आजी. अगदी उत्तम. थोडा ताण दिसतोय, मैत्रीण चाललीय ना तुमची. झोप लागते का?”

“झोप लागते. गोळ्या मिसळल्या ते सांगायला आले होते मी.”

“एखाद्या वेळी एखादीची इकडची तिकडं झाली असेल. त्यानं काही बिघडत नाही, आजी.”

मी पिशवी उचलली. दारापर्यंत गेले, तोवर मागून त्यांचा आवाज आला. या खेपेला खुळखुळा नव्हता त्यात.

“मिसळताना... किती जणी असायच्या?”

“सगळ्या,” मी म्हटलं. “पहिल्या दिवसापासून.”

डॉक्टरांचे कान लाल झाले. त्यांनी उठून दार लावलं आणि विचारलं, “हे आणखी कुणाला सांगितलंत?” मग पाणी प्यायले. मग अगदी गोड आवाजात म्हणाले की सत्काराला मुंबईहून कंपनीचे साहेब येणार आहेत, इतक्या लोकांची मेहनत आहे, आणि या गोष्टी सावकाश, नंतर, नीट बघता येतील. मला वाटतं, त्या क्षणी ते पहिल्यांदा माझ्याशी मोठ्या माणसाशी बोलावं तसं बोलले. मी विचारलं, विजूच्या लेकाला एवढं तरी सांगाल का? तर त्यांनी मान कलती केली.

“आजी, त्यांना मुलाजवळ राहायला मिळतंय. चांगलंच आहे ना ते?”

मी तडक रत्नाक्काचं घर गाठलं. ती शेंगा फोडत होती. सगळं ऐकून घेतलं तिनं. घड्याळाचं सांगितलं तेव्हा मात्र तिच्या हातातली शेंग तशीच राहिली.

“म्हणजे आपल्याला याड लागलंय म्हणतुया.”

“तसं म्हणत नाही. तपासतो फक्त.”

“आणि विजीला चक्कर ती कशानं?”

“वयानं.”

रत्नाक्कानं हातातली शेंग फोडली. मग म्हणाली, “सत्काराला उरलेल्या गोळ्या परत घेऊन या म्हणालेत नव्हं?” म्हणाले होते, हे खरं. प्रत्येकीनं आपापली डबी जमा करायची होती. “मग न्यायच्या,” ती म्हणाली आणि सुनेला हाक मारून परात घासायला सांगितली.

सत्काराचा थाट बघण्यासारखा होता. मंचावर झेंडूच्या माळा, मागं हसऱ्या म्हातारीचा मोठा फोटो. ती म्हातारी विट्याची नव्हती; आमच्याकडे इतके दात कुणाला नाहीत. कंपनीचे साहेब सुटाबुटात घामाघूम झाले होते. आम्हाला शाली आणि श्रीफळं मिळाली. डॉक्टर बोलायला उभे राहिले आणि आजींनी विज्ञानाला दिलेल्या योगदानाविषयी इतकं बोलले की मला स्वतःबद्दलच आदर वाटायला लागला. गोळीनं पायांत बळ आल्याचं अजून नक्की सांगता येत नाही, पण ती संपूर्ण सुरक्षित आहे, तिनं कुणालाही अधिक चक्कर आली नाही, हे या आजींनी जगाला दाखवून दिलं, असं ते म्हणाले. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेत प्लास्टर गळ्यात अडकवून विजू बसली होती, शेजारी श्रीरंग. तिच्या पायाशी पेटी होती, कारण शेवटी आमच्या मंडळाचं भजन ठरलं होतं. एका हातानं वाजवणार कशी, हे ठरवणाऱ्यांनी विचारलंच नव्हतं.

भजनाला म्हणून आम्हाला वर बोलावलं. रत्नाक्का वर गेली ती फडक्यानं झाकलेली परात घेऊन. डॉक्टरांना वाटलं प्रसाद आहे. त्यांनी हात जोडले.

रत्नाक्कानं परात मंचाच्या मधोमध ठेवली, फडकं काढलं. परात रिकामी होती. ती आमच्याकडं बघून म्हणाली, “ओता.”

आम्ही ओळीनं पुढं झालो आणि आपापल्या डब्या उपड्या केल्या. गोळ्या पितळेवर पडताना मोठा आवाज झाला. मी विजूची डबीही ओतली. मग अक्कानं पदर खोचला, खाली बसली आणि दोन्ही हातांनी कालवायला लागली. माइक तिथंच होता, सगळं सभागृहात ऐकू जात होतं.

“आम्ही असं करत होतो,” ती म्हणाली. “दर खेपेला. देवाच्या समोर. सगळ्यांनी सारखं खाल्लं.”

कंपनीच्या साहेबांनी डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टर हसले आणि माइकजवळ आले. “आमच्या आजी फार गमतीशीर आहेत,” ते म्हणाले. “या वयात असे समज होतात कधीकधी.”

रत्नाक्का उठली. प्रसादाचा चमचा तिनं परातीत घातला, एक गोळी घेतली आणि डॉक्टरांच्या पुढं धरली. लहानपणापासूनची सवय असते. कुणी प्रसाद पुढं केला की उजवा हात आपोआप पुढं होतो. डॉक्टरांचाही झाला. गोळी त्यांच्या तळहातावर पडली.

“घ्या,” ती म्हणाली.

डॉक्टर हातातल्या गोळीकडे बघत राहिले.

“घ्या की. भ्यायचं कशापायी? चक्कर गोळीनं येत न्हाई, वयानं येती म्हणालात. तुमचं कुठं वय झालंय?”

डॉक्टर म्हणाले की हे असं नसतं, वैद्यकीयदृष्ट्या योग्य नसतं, कुठली कसली गोळी आहे हे माहीत नसताना कुणी अशी तोंडात टाकत नाही. ते बोलून गेले आणि मगच त्यांच्या लक्षात आलं की आपण काय बोललो. साहेब खाली मान घालून आपल्या बुटांकडं बघायला लागले.

पहिल्या रांगेत श्रीरंग उभा राहिला होता. तो डॉक्टरांकडं बघत नव्हता, परातीकडं बघत होता. मुशीत सोनं गाळून पोट भरणारं ते पोरगं. मी त्याला घरी जे तोंडानं समजावलं होतं ते त्याला आता डोळ्यांनी दिसत होतं.

“डॉक्टर,” तो म्हणाला, “दोन गिऱ्हाइकांचं सोनं मी एका मुशीत ओतलं, तर कुणाचं किती कसाचं हे मला देवही येऊन सांगू शकणार नाही. तुम्ही माझ्या आईचं कसं सांगितलंत?”

डॉक्टरांनी माइक बाजूला सरकवला.

“मालनमावशीनं हे तुम्हाला येऊन सांगितलं होतं का?”

डॉक्टर माझ्याकडं बघायला लागले. माझं सगळं सांगून झालं होतं, घड्याळासकट.

श्रीरंग आईकडे वळला. मला वाटलं, तिला घेऊन आता हा निघून जाईल. पण तो खाली बसला. इतक्या दिवसांत त्यानं विचारलं नव्हतं ते त्यानं पहिल्यांदा विचारलं, “आई, तुला यायचं होतं का गं कोइमतूरला?”

विजूनं प्लास्टरातला डावा हात मांडीवर ठेवला. “नाही रे,” ती म्हणाली. “मला कुणी विचारलंच नव्हतं.”

पुढचं सांगण्यासारखं फार नाही. गोळ्या बंद केल्यावर हळूहळू आमची घरं फिरायची थांबली. त्या गोळीचं पुढं काय झालं मला माहीत नाही. डॉक्टर मुंबईला गेले आणि आता टीव्हीवर ज्येष्ठांचं म्हणणं कसं ऐकून घ्यावं यावर बोलतात, छान बोलतात. तपासायची गोळी तपासलीच पाहिजे, याबद्दल आजही माझं दुमत नाही. फक्त ज्यांच्यावर तपासायची त्या बायका संध्याकाळी देवळात काय करतात, हे कुणीतरी आधी विचारायचं. विजू विट्यातच राहिली. पुढं बऱ्याच वर्षांनी गेली तीही स्वतःच्या घरात, माझ्या हातचं पाणी पिऊन.

पण त्या दिवशीचं अजून एक राहिलं. भजन व्हायचं होतं. रत्नाक्का म्हणाली, आलोय तर म्हणूनच जाऊ. श्रीरंगनं पेटी उचलून मंचावर आणली. विजूचा उजवा हात धड होता, पण डावा प्लास्टरात, मग भाता मारणार कोण? तिच्या शेजारी श्रीरंगच मांडी घालून बसला. भट्टीवर भाता मारण्यात त्याचा हात बसलेला होता. आईनं पहिला सूर धरला, त्यानं हवा दिली, आणि रत्नाक्कानं आपला तो आवाज सोडला.

आम्ही भजनाला लागलो. मंचावर डॉक्टर गोळी मुठीत धरून तसेच उभे होते. प्रसाद टाकता येत नाही आणि खाताही येत नाही अशी त्यांची गत झाली होती. भजन लांबलं. त्यांना कुणी बसा म्हटलं नाही.